आंबिवलीहून मुंबईची नोकरी: पगार वाढला, पण तासाचा भाव वाढला का?

वही-पेन घेऊन बसा, कारण आजच्या लेखात आकडेमोड आहे. व्हिडिओत ती पटापट होऊन गेली, म्हणून इथे सावकाश मांडतोय.

विषय असा. तुम्ही आंबिवलीला राहता. सध्या कल्याण, शहाड किंवा उल्हासनगरला काम करता. आणि मुंबईतून ऑफर आली आहे, पगार जवळजवळ दीडपट. घरचे म्हणतात "सोडू नकोस". मित्र म्हणतो "रोजचे चार तास लोकलमध्ये, मरशील". दोघंही तुमच्या भल्याचंच बोलतात, पण हिशोब कोणीच केलेला नसतो. तो आपण करू.

दुकानदार माल घेताना फक्त खरेदीचा भाव बघत नाही. टेम्पोभाडं, हमाली, तुटफूट धरून माल दुकानात किती रुपयांना पडला ते बघतो. नोकरीचंही तसंच. तुम्ही विकताय ते तुमचे तास. कंपनी ड्युटीच्या ९ तासांचे पैसे देते. पण घराचं दार ओढून घेतल्यापासून परत दार उघडेपर्यंत जेवढे तास जातात, तेवढे सगळे तुमच्या खिशातून गेलेले असतात. भाव काढायचा तो या सगळ्या तासांवर.

एक उदाहरण धरू

समजा, आंबिवलीची २६ वर्षांची एक मुलगी आहे. बी.कॉम., कल्याणला एका डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसात अकाउंट्सला. हातात १९,००० येतात. सहा दिवसांचा आठवडा, म्हणजे महिन्याला २६ दिवस, ड्युटी ९ तास. घर ते स्टेशन, गाडीची वाट, कल्याण, पुढे चालणं, सगळं मिळून जाऊन-येऊन दीड तास. प्रवासखर्च महिन्याला ९०० धरू.

तिला बीकेसीत ऑफर आली. हातात २८,०००. ड्युटी तेवढीच, दिवस तेवढेच. आता प्रवास बघा. घर ते स्टेशन पंधरा मिनिटं, गाडीची वाट दहा मिनिटं, कुर्ल्याला थांबणारी फास्ट मिळाली तर साधारण सव्वा तास, कुर्ल्याला उतरून जिना, शेअर रिक्षाची लाईन आणि मग ऑफिस. एका बाजूचे दोन तास, दोन्ही बाजूंचे चार. खर्च म्हणाल तर पास, दोन्हीकडची रिक्षा आणि बाहेरचा चहा-नाश्ता मिळून ४,३०० धरू. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. गंमत म्हणजे या खर्चात रेल्वेचा सेकंड क्लासचा पास सगळ्यात स्वस्त असतो. पैसे खातात ते रिक्षा आणि वडापाव.

आता भाव काढू.

कल्याण: १९,००० वजा ९००, उरले १८,१००. तास रोजचे साडेदहा, गुणिले २६, म्हणजे २७३. तासाला ६६ रुपये.

बीकेसी: २८,००० वजा ४,३००, उरले २३,७००. तास रोजचे १३, गुणिले २६, म्हणजे ३३८. तासाला ७० रुपये.

पगार ९,०००ने वाढला आणि तासाचा भाव चार रुपयांनी. पण थांबा, हिशोब अजून संपलेला नाही.

ईएसआयचा मुद्दा बहुतेक जण विसरतात

कल्याणच्या नोकरीत तिचा ग्रॉस पगार २१,०००च्या आत आहे, म्हणून तिला ईएसआय लागू आहे. पगारातून फक्त पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि त्यात तिच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचेही उपचार येतात. नवी नोकरी २१,०००च्या वरची, म्हणजे तिथे ईएसआय नाही. कंपनी मेडिक्लेम देते का? दिला तर त्यात आई-वडील आहेत का? बऱ्याच ठिकाणी फक्त कर्मचारी असतो, किंवा नवरा-बायको-मुलं. वडिलांना शुगर असेल तर बाहेरून पॉलिसी घ्यायला किती पडतं, ते एजंटला विचारून बघा. आपण महिन्याला २,००० धरू, हेही कमीच आहे.

२३,७०० मधून २,००० गेले, राहिले २१,७००. भागिले ३३८. तासाला ६४ रुपये.

म्हणजे दीडपट पगाराच्या नोकरीत तासाचा भाव ६६ वरून ६४ वर आला! जास्तीचे ६५ तास दिले आणि हातात जादा आले ३,६००. हे ६५ तास तुम्ही ५५ रुपयांनी विकले.

व्हिडिओ इथेच बंद करून "नकोच ती मुंबई" असं ठरवू नका. मी असं अजिबात म्हणत नाही. याच ऑफरमध्ये एकच गोष्ट बदलून बघा: आठवडा पाच दिवसांचा. दिवस २२, खर्च ३,७००, मेडिक्लेम २,०००. उरले २२,३००, तास २८६. भाव ७८ रुपये. आणि पाच दिवसांपैकी एक दिवस घरून काम मिळालं तर? प्रवास १८च दिवस, खर्च ३,१००, उरले २२,९००. एकूण तास किती? २७०. कल्याणच्या सहा दिवसांच्या नोकरीपेक्षाही तीन तास कमी, आणि भाव ८५ रुपये.

परत वाचा हे. बीकेसी लांब आहे की कल्याण जवळ आहे, याने निकाल लागत नाही. महिन्यातून किती वेळा जायचं, याने लागतो. म्हणून इंटरव्ह्यूत "सर, अजून दोन हजार वाढवा ना" म्हणण्याआधी शनिवार विचारा. दोन हजार वाढले तर या मुलीचा भाव ६४ वरून ७० होतो. शनिवार सुटला तर ७८. एचआरलाही दोन हजारांपेक्षा शनिवार देणं कधी कधी सोपं जातं, कारण त्यात बजेट मंजूर करून घ्यावं लागत नाही.

आणखी एक, ऑफर लेटरवरचा सीटीसी हा पगार नाही. त्यात मालकाचा पीएफचा वाटा असतो, बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, जी साधारणपणे पाच वर्षं टिकलात तरच मिळते. प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात महिलांना २५,०००पर्यंत तो माफ आहे, त्याच्या वर गेलात की सुरू. "इन हँड किती?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. न विचारणारा पहिल्या पगाराच्या दिवशी गप्प बसतो.

आंबिवलीकराला हा प्रश्न वेगळा का पडतो

डोंबिवलीकराचा प्रवास आणि आंबिवलीकराचा प्रवास सारखा नाही. कल्याणपर्यंत गाड्या भरपूर. कल्याणच्या पुढे लाईन दोन दिशांना फुटते, एक कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. आपली कसाऱ्याची. त्यात टिटवाळा, आसनगाव आणि कसारा लोकलच आपल्या कामाच्या. संध्याकाळी एक चुकली की कल्याणला फलाटावर उभं राहा नाहीतर रिक्षावाल्याशी घासाघीस करा. त्याच मार्गावरून मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात, आणि तिसऱ्या मार्गाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. २९ ऑगस्ट २०१७ ला आसनगाव-वासिंददरम्यान नागपूर-मुंबई दुरांतो घसरली तेव्हा या पट्ट्यातल्या लोकांचे किती हाल झाले ते आठवत असेल. दुसरा मार्गच नाही आपल्याला. म्हणून हिशोबात दोन तास धरलेत तरी महिन्यातले काही दिवस अडीच होणार, हे गृहीत धरा. लेट मार्कचा नियम काय आहे, तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापतात का, हे जॉईन व्हायच्या आधी विचारून घ्या.

आणि गर्दी. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले. किमान चार जण गेले. त्यातली एक लोकल कसाऱ्याकडे येणारी होती. मी हे भीती घालायला सांगत नाही. सांगतोय यासाठी की ऑफिसची वेळ हासुद्धा पगाराचाच भाग आहे. साडेनऊला पोचायचं आणि अकराला पोचायचं, यात दारात लटकणं आणि आत उभं राहणं एवढा फरक असतो. गर्दी विभागली जावी म्हणून मध्य रेल्वेही आस्थापनांना वेळा बदलायची विनंती करत आली आहे. तुमच्या मॅनेजरला विचारा, फार तर नाही म्हणेल. आणि पास एक दिवससुद्धा संपलेला ठेवू नका. रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर कायद्याने घरच्यांना ८ लाखांची भरपाई मागता येते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो वैध तिकिटाचा. हे बोलायला वाईट वाटतं, पण घरात पास कुठे ठेवता हे एकाला तरी माहीत असू द्या. मोबाईलवर काढत असाल तर ॲप कुठलं, तेही.

मग जवळची नोकरीच बरी का?

आता गाडी उलट्या दिशेने नेऊ. जवळच्या नोकरीचं इतकं कौतुक करायचं तर आंबिवलीत आधी एनआरसीबद्दल बोलावं लागेल.

नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. मोहोन्याची कंपनी. तुमच्यापैकी अनेकांचे वडील किंवा आजोबा तिथे असतील. कंपनी, कॉलनी, शाळा, बाजार सगळं पायी अंतरावर. लोकलचा पास कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हतं, अशी कुटुंबं इथे होती. माझ्या हिशोबात त्यांचा तासाचा भाव सगळ्यात वर निघाला असता, प्रवास शून्य! आणि २००९ मध्ये कंपनी बंद पडली. हजारो कामगार एका दिवसात घरी. देणी अडकली, वर्षानुवर्षं कोर्ट-कचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले. पुढे ती जागा अदानी समूहाकडे गेली. शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉन चालू राहिली, इथे भोंगा थांबला.

यातून मी एकच गोष्ट उचलतो. नोकरी घराजवळ असणं आणि नोकरी पक्की असणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एका गेटच्या आत वीस वर्षं काढली आणि हातातलं काम त्या गेटच्या बाहेर कोणी विकत घेत नसेल, तर गेट बंद झाल्यावर अंतर शून्य असूनही काही उपयोग नाही. याउलट ज्याच्याकडे बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे, जो आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे, त्याचं काम अंबरनाथलाही चालतं आणि तळोज्यालाही.

म्हणून तासाचा भाव काढून झाला की दुसरा प्रश्न वहीत लिहा, आणि माझ्या मते तोच मोठा आहे: दीड वर्षाने या नोकरीतून मी असं काय घेऊन बाहेर पडेन, जे आज माझ्याकडे नाही आणि जे मला आंबिवलीत परत आणता येईल?

आपल्या उदाहरणातल्या मुलीचंच बघा. कल्याणच्या ऑफिसात ती खरेदी-विक्रीची बिलं, जीएसटी रिटर्न, बँकेचा मेळ, स्टॉक, वसुलीचे फोन, सगळंच करते. शेठ ओरडतो, पण काम सगळं हातातून जातं. बीकेसीत समजा तिला एकाच स्क्रीनवर दिवसभर व्हेंडरची बिलं चढवायची आहेत. दीड वर्षाने पगार २८ चा ३० होईल, पण तिला नवीन काय आलं? तर ही ऑफर मी नाकारीन, भाव ७० निघाला तरी. आणि बीकेसीत जर तिला सॅप शिकवणार असतील, ऑडिटला बसवणार असतील, महिन्याचं क्लोजिंग हातात देणार असतील, तर भाव ६४ निघाला तरी जा. ते दोन रुपये फी समजा. फक्त फीला मुदत असते. दीड वर्ष म्हणजे दीड वर्ष, तारीख लिहून ठेवा. नाहीतर काय होतं, पगाराची सवय होते, ईएमआय सुरू होतो, आणि सात वर्षांनी माणूस तीच गाडी, तोच डबा, तोच ग्रुप.

सवयीवरून आठवलं. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासली होती. कागदावर विचार केला तर लांब जाणाऱ्याला पगार किंवा चांगलं घर मिळून भरपाई व्हायला हवी. पण आकडे असं सांगत होते की जास्त वेळ प्रवास करणारे लोक आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी आहेत, भरपाई पूर्ण होतच नाही. आता जर्मनीची गाडी आणि आपली कसारा लोकल यांची तुलना काय करायची, पण मुद्दा पटतो. पगारवाढीचा आनंद तीन महिन्यांत जुना होतो. कुर्ल्याचा जिना रोज नवा असतो.

त्या ६५ तासांचं दुसरं काही होईल का?

आपला चॅनेल धंद्याचा, म्हणून हा प्रश्न मी विचारणारच. ३,६०० रुपयांसाठी ६५ तास जाणार आहेत. तेच तास इथेच वापरले तर? मोहोने, शहाड, टिटवाळा इथे किती दुकानं आहेत ज्यांची बिलं पिशवीत भरून सीएकडे जातात? हिशोब जाणणारी मुलगी तीन दुकानांचं लिखाणकाम महिन्याला प्रत्येकी १,५०० ने करू लागली, तर ४,५०० झाले, आणि त्याला ६५ तास लागणार नाहीत, पस्तीस-चाळीस लागतील. शिवणकाम, शिकवणी, केक, एसी रिपेअरिंग, हेच गणित.

पण प्रामाणिकपणे सांगतो, यात एक मेख आहे. पगार एक तारखेला येतो. दुकानदार "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतो. घरात तुमच्या पगाराशिवाय दुसरा पगार नसेल, तर तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय असल्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर चांगली ऑफर नाकारू नका. घरात कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, वडिलांचं काम सुटलंय, अशा वेळी ३,६०० हा लहान आकडा नसतो. तेव्हा जा. चार तास जातात तर जाऊ देत, पण मुदत लिहून जा.

आणि तुम्ही नोकरी देणारे असाल तर? आंबिवली-कल्याण पट्ट्यातले दुकानदार, वर्कशॉपवाले हे वाचत असतील. तुमचा चांगला माणूस मुंबईची ऑफर घेऊन आला की तुम्ही हात वर करता, "एवढा पगार आपण देऊ शकत नाही." वरचा हिशोब त्याच्यासमोर कागदावर करा. त्या मुलीला बीकेसीची सहा दिवसांची नोकरी खर्च जाऊन ३,६००च जादा देत होती. तुम्ही १,५०० वाढवले आणि महिन्यातले दोन शनिवार सुट्टी दिली, तर ती बहुतेक थांबेल. नवा माणूस शिकवायला तुम्हाला यापेक्षा जास्त खर्च येतो. मात्र ग्रॉस २१,०००च्या वर नेताना तिचा ईएसआय सुटतो, हे आधी तिच्याशी बोला.

हो म्हणण्याआधी

एक सोमवार रजा टाका. इंटरव्ह्यूच्या दिवशी दुपारी रिकाम्या गाडीने गेलात तो अनुभव धरू नका. नोकरी लागल्यावर जी लोकल पकडावी लागेल तीच पकडा, त्याच ऑफिसच्या गेटपर्यंत जा, घड्याळात वेळ टिपा. बसायला जागा हवी म्हणून आधी उलटं टिटवाळ्याला जाऊन तिथून रिटर्न यायचा विचार असेल तर तोही करून बघा, आणि त्याची मिनिटं धरा. कुठेतरी चहा प्या, वेळ काढा, आणि संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला त्याच गेटपासून परत निघा. जमलं तर पावसाळ्यातला सोमवार निवडा. मुली-बायकांनी कल्याणच्या पुढे रात्री डब्यात किती बायका उरतात आणि आंबिवलीला उतरल्यावर घरापर्यंत रिक्षा मिळते का, हेही बघून ठेवा.

घरी आल्यावर लगेच जेवू नका. आधी वहीत दोन आकडे लिहा: जाताना किती मिनिटं, येताना किती. वरच्या उदाहरणातले माझे चार तास खोडून तिथे तुमचे घाला, आणि भाव पुन्हा काढा. निघाला तो आकडा, पाच दिवस की सहा दिवस, आणि दीड वर्षात काय शिकणार, या तीन गोष्टी व्हिडिओखाली लिहा. पुढच्या रविवारी त्यातली चार-पाच उदाहरणं घेऊन बसू. मेगाब्लॉक असतोच, घरीच असाल.